जुनं ला पावोनी युरोपिकोला पुन्हा चालू करताना: आधी काय, मग काय

जुन्या लिव्हर एस्प्रेसो यंत्राची (हाताच्या दांड्याने पिस्टन दाबून कॉफी काढणाऱ्या यंत्राची) दुरुस्ती बहुतेक वेळा कौशल्याअभावी फसत नाही, क्रम चुकल्यामुळे फसते. यंत्र घरी आलं की पहिल्यांदा सील (गळती रोखणाऱ्या रबरी कड्या) मागवली जातात, ती बसवली जातात आणि नंतर बॉयलरमधला क्षार काढायला ॲसिड ओतलं जातं. सुटलेले कडक कण थेट नव्या सीलच्या ओठावर, म्हणजे भिंतीला चिकटणाऱ्या पातळ कडेवर, जातात आणि पंधरा दिवसांत यंत्र पुन्हा गळू लागतं. दुसरी चूक आणखी महागात पडते. मूळ यंत्र नीट चालतं की नाही हे न पाहताच त्याला प्रेशरस्टॅट (दाब पाहून वीज चालू-बंद करणारा स्विच), पीआयडी (तापमान स्थिर ठेवणारा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक), गेज जोडलं जातं. मग बिघाड जुना की आपण केलेला, हे कळायला मार्ग उरत नाही.

हा लेख ला पावोनीच्या युरोपिकोला या मॉडेलबद्दल आहे, त्यातही १९७४ ते २००० या काळातल्या यंत्रांबद्दल. जुन्या बाजारात आणि परदेशातून आणलेल्या सामानात हीच जास्त सापडतात. १९७४ आधीच्या यंत्रांचे काही सुटे भाग वेगळे आहेत, त्यामुळे सीलचा संच मागवताना पिढी लिहायला विसरू नका. २००० च्या सुमारास ग्रुपच (पिस्टन असलेला, कॉफी जिथून निघते तो पुढचा भाग) बदलला. ओळखायची सोपी खूण म्हणजे बास्केट (कॉफीपूड भरायची जाळीदार वाटी) मोजणं: जुन्या ग्रुपला ४९ मिमी, नव्याला ५१ मिमी. मोजल्याशिवाय काहीही मागवू नका.

० : हत्यारं, सामान आणि जागा

लागेल ते हे: ऑलन कीचा संच, रिंग पाने, आतल्या आणि बाहेरच्या सर्क्लिपसाठी (पिन जागेवर धरणाऱ्या स्प्रिंगच्या कड्यांसाठी) वेगवेगळ्या पक्कडी, व्हर्नियर, मल्टिमीटर, लाकडी किंवा नायलॉनचा ठोकळा, दात घासायचे दोन जुने ब्रश, सायट्रिक ॲसिड, खायचा सोडा, टेफलॉन टेप आणि खाद्योपयोगी ग्रीस. पाइप रेंच दूर ठेवा. क्रोम केलेल्या पितळेवर तिच्या दातांचे वण कायमचे राहतात.

ग्रीसच्या बाबतीत काटेकोर राहा. सील ईपीडीएम रबराची असतील तर खाद्योपयोगी सिलिकॉन ग्रीस चालतं. पेट्रोलियम ग्रीस किंवा व्हॅसलीन लावलंत तर ईपीडीएम फुगतं आणि पिस्टन अडकतो. सील स्वतःच सिलिकॉनची असतील तर उलटं, सिलिकॉन ग्रीसने ती फुगतात. तिथे टेफलॉनवर आधारित खाद्योपयोगी ग्रीस घ्या. विकणाऱ्याने सामग्री लिहिली नसेल तर विचारून घ्या.

‘हायड्रॉलिकच्या दुकानात याच मापाचं यू-सील पन्नास रुपयांत मिळतं’ असा सल्ला हमखास कुणीतरी देतो. माप जुळेलही. पण ते सील पॉलियुरेथेनचं किंवा नायट्राइल रबराचं असतं. पहिलं गरम पाण्यात हळूहळू विरतं, दुसरं वाफेत कडक होतं, आणि खाद्योपयोगी असल्याची हमी दोन्हींना नसते. पिस्टनची सील मूळ मापाची, बाहेरून मागवलेली घ्या. चपटी गास्केटं मात्र खाद्योपयोगी सिलिकॉन किंवा टेफलॉनच्या शीटमधून इथे कापून घेता येतात.

१ : उघडण्याआधीची तपासणी

यंत्र प्लगमध्ये घालून ‘चालतंय का बघू’ म्हणायचं नाही. वीज सर्वांत शेवटी.

बुडाखालची पट्टी वाचा. युरोपात विकलेल्या यंत्रावर २२० किंवा २३० व्होल्ट असतील. ते आपल्याकडे चालतं. अमेरिकेतून आणलेल्या यंत्रावर ११० ते १२० असतील. प्लग बदलून हे यंत्र भारतात चालत नाही. १२० व्होल्टचं १००० वॅटचं एलिमेंट २३० व्होल्टवर जवळजवळ ३७०० वॅट ओढू पाहतं आणि काही मिनिटांत जळतं. एक तर २३० व्होल्टचं एलिमेंट बसवा, नाहीतर किमान १५०० व्हीएचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर वापरा. पहिला मार्ग चांगला, कारण ट्रान्सफॉर्मर ओट्यावर जागा खातो आणि एक दिवस कुणीतरी यंत्र सरळ भिंतीतल्या प्लगला लावतंच.

मग बाहेरून पाहा. बॉयलर आणि बूड यांच्या सांध्यावर हिरवट-पांढरे ओघळ दिसले तर एलिमेंटचं गास्केट गेलेलं आहे. ग्रुपच्या माथ्यावर, पिस्टनच्या रॉडभोवती पांढरी कड असेल तर वरचं सील गेलं आहे. पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेला तडा असेल तर ती आताच मागवा.

सांधे, आटे आणि फ्लँज (बोल्टांनी जोडायची सपाट कड) यांपैकी कुठे पितळेला आरपार चीर किंवा झाळलेली जुनी दुरुस्ती दिसली तर थांबा. दाबाखालच्या बॉयलरवरचं झाळकाम हे घरगुती काम नाही.

सावधान: फार जुन्या यंत्रांत एलिमेंटच्या आसपास करड्या, तंतुमय पुठ्ठ्यासारखं गास्केट निघतं. ते ॲस्बेस्टॉसचं असू शकतं. घासू नका, खरवडू नका, फुंकू नका. पाण्याने भिजवून, मास्क लावून, सलग उचलून पिशवीत बंद करा.

२ : उघडणं

प्रत्येक टप्प्यावर फोटो काढा आणि प्रत्येक सांध्याचं सामान वेगळ्या डबीत ठेवा. एका गोष्टीचं माप लिहून ठेवायचंच: पिस्टनच्या रॉडच्या आट्यांचा किती भाग लॉकनटच्या बाहेर दिसतो. व्हर्नियरने मोजा. या मापावर पिस्टन किती वर जातो आणि खाली कुठे थांबतो ते ठरतं. परत जोडताना ते अंदाजाने धरलं तर यंत्र गळत नाही, फक्त कॉफी वाईट येते, आणि कारण शोधण्यात महिना जातो.

क्रम असा. लिव्हरच्या दोन्ही पिनांच्या टोकांवरच्या सर्क्लिप काढा. उघडताना त्या उडतात, म्हणून यंत्रावर फडकं टाकून काम करा. पिना ठोकून नव्हे, दाबून बाहेर काढा. लिव्हर बाजूला ठेवा. खालून पोर्टाफिल्टरचं (बास्केट धरणाऱ्या मुठीचं) गास्केट आणि जाळी काढा. गास्केट वर्षानुवर्षं भाजून बेकेलाइटसारखं झालेलं असतं. त्यात एक छोटा स्क्रू तिरका फिरवून पक्कडीने ओढलं की तुकड्यांनी निघतं. पेचकसाने उचकटलं तर ग्रुपच्या कडेला ओरखडा पडतो आणि नवं गास्केट तिथूनच गळतं. मग रॉडवरचा काटा सोडवा आणि पिस्टन वरून दाबून खालून बाहेर काढा. अडला तर ग्रुप उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा. जुना क्षार आणि कॉफीचं तेल सैल पडतं.

त्यानंतर ग्रुप बॉयलरला धरणारे दोन बोल्ट, वाफेची नळी, सुरक्षा व्हॉल्व्ह, पातळीची काच. काचेच्या नटवर पाना लावताना काचेवर वाकडा जोर येऊ देऊ नका. एलिमेंट काही यंत्रांत बोल्टांच्या फ्लँजवर तर काहींत मोठ्या आट्यावर असतं. सांधा कोरडा असेल आणि पुढची विजेची चाचणी पास झाली तर ते हलवू नका. न गळणारं चाळीस वर्षांचं गास्केट उगाच छेडण्यात अर्थ नाही.

हट्टी आट्यांसाठी सुटवण तेल टाका, रात्रभर ठेवा, बाजूचा भाग उकळत्या पाण्याने तापवा. ब्लोटॉर्च नको, क्रोम निळं पडतं.

तपासा: टेबलावर प्रत्येक डबीवर नाव आहे. रॉडचं माप कागदावर आहे, मोबाइलमध्ये नव्हे.

३ : क्षार काढणं

हे काम नव्या सीलच्या आधी, सगळं सुटं असताना करायचं. प्रमाण: एक लिटर पाण्याला २५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड. युरोपिकोलाच्या ०.८ लिटरच्या बॉयलरला २० ग्रॅम पुरतं. पाणी ६०-७० अंशांचं, बाहेर तापवून ओतलेलं. यंत्राच्याच एलिमेंटवर ॲसिडचं पाणी तापवू नका. त्याची विजेची चाचणी अजून झालेली नाही.

अर्ध्या तासाने ओता आणि पाहा. फेस येणं थांबलं नसेल तर नवं द्रावण करून पुन्हा अर्धा तास. सौम्य द्रावणाचे दोन हात परवडले, एक रात्रभराचं भिजवण नको. ॲसिडमध्ये पितळ फार वेळ राहिलं की जस्त सुटतं आणि पृष्ठभाग गुलाबी पडतो. नुसता पातळ गुलाबीपणा पुसून निघतो. खोल गेलेला दिसला तर तिथली पितळ पोकळ झालेली असते, आणि तो भाग आट्यांजवळ असेल तर बॉयलर बाद.

बेकेलाइटच्या मुठी, ॲल्युमिनियमचे भाग, सुटणाऱ्या क्रोमचे भाग आणि विजेचं काहीही या द्रावणात जाता कामा नये. सुरक्षा व्हॉल्व्ह पूर्ण उघडून गोळी, स्प्रिंग आणि बैठक वेगवेगळी स्वच्छ करा. बैठकीवर खड्डा पडला असेल तर नवा व्हॉल्व्ह घ्या. गोळीवर घट्ट स्प्रिंग लावून तो बंद ठेवणं म्हणजे कुकरची शिट्टी तारेने बांधून गॅस पेटवणं.

मग लिटरला चमचाभर खायचा सोडा घातलेल्या पाण्याने धुवा, नंतर साध्या पाण्याने तीनदा. आतून बॅटरी मारून पाहा. तळाशी पोपडे राहिले असतील तर बाटली धुवायच्या ब्रशने काढा. तारेचा ब्रश नको.

४ : ग्रुपचं भोक तपासणं

सगळ्या दुरुस्तीचं यश या एका भागावर आहे. पिस्टन ज्या नळीत फिरतो तिची आतली भिंत कोरडी करून बोटाचं नख वरून खाली आणि मग गोल फिरवा. नख कुठे अडकतंय ते पाहा. गोल फिरणारा हलका ओरखडा त्रास देत नाही. वरून खाली गेलेला उभा ओरखडा त्रास देतो, कारण दाबाखालचं पाणी त्या नालीतून सीलला वळसा घालून जातं.

हलक्या उभ्या ओरखड्यांवर १५०० ते २००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, बोटाभोवती गुंडाळून फक्त गोल फिरवा. वर-खाली अजिबात नाही. दोन-तीन मिनिटं पुरे. लेथवाल्याकडे जाऊन ‘जरा बोअर मारून घ्या’ म्हणू नका. भोक दोन दशांश मिमीने वाढलं तरी त्या मापाचं सील जगात मिळत नाही आणि चांगला ग्रुप भंगारात जातो.

पाणी आत येण्याच्या छिद्रांच्या कडाही पाहा. तिथे धारदार कड असेल तर सील बसवताना तिचा ओठ सोलला जातो. त्याच पेपरने ती कड मारा, इतकंच.

५ : विजेची चाचणी

यंत्र पूर्ण कोरडं, प्लग सुटा. मल्टिमीटर ओहमवर. अपेक्षित रोध म्हणजे व्होल्टचा वर्ग भागिले वॅट. २२० व्होल्टच्या १००० वॅटला सुमारे ४८ ओहम यायला हवेत. बऱ्याच युरोपिकोलांमध्ये २०० आणि ८०० वॅटचे दोन भाग असतात आणि स्विच कमी-जास्त निवडतो. तिथे सुमारे २४२ आणि ६० ओहम मिळतील. दहा टक्के इकडे-तिकडे चालतं. एक भाग अनंत दाखवत असेल तर तो तुटला आहे; यंत्र कमी ताकदीवर चालेल पण तापायला वेळ घेईल.

मग एलिमेंटचं टोक आणि बॉयलरचं पितळ यांतला रोध. मल्टिमीटर इथे पुरत नाही. इलेक्ट्रिशियनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) पाहून घ्या, निदान २ मेगओहम हवेत. कमी आले तर लगेच एलिमेंट फेकू नका. त्यातली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड बंद यंत्रात वर्षानुवर्षं ओलावा शोषते. एलिमेंट सुटं काढून १०० ते ११० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन-तीन तास वाळवा, थंड झाल्यावर पुन्हा मोजा. वाढलं तर ठीक, नाहीतर बदला.

आतल्या तारा जवळपास नेहमीच बदलाव्या लागतात. जुन्या तारांचं आवरण भाजून चुऱ्यासारखं झालेलं असतं. सिलिकॉन आवरणाची उष्णतारोधक तार घ्या, साधी पीव्हीसी नाही. बाहेरची दोरी तीन तारांची. अर्थिंगची तार बुडातल्या स्क्रूला नव्हे तर बॉयलरच्या धातूला पक्की, दातेरी वायसरसह. रंगावर टेकलेलं अर्थिंग लागत नाही, तिथला रंग खरवडा. दोन तारांचा प्लग असलेलं जुनं यंत्र तसंच वापरणं म्हणजे पाण्याने भरलेलं, उघड्या धातूचं, हातात धरायचं विजेचं उपकरण अर्थिंगविना चालवणं. ३० मिलिॲम्पियरच्या आरसीसीबीशिवाय (वीज गळताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचशिवाय) यंत्र प्लगमध्ये घालू नका.

तपासा: प्लगच्या अर्थ पिनेपासून बॉयलरच्या टोकापर्यंतचा रोध १ ओहमपेक्षा कमी.

६ : सील बसवणं आणि जोडणी

पिस्टनवर दोन सील असतात आणि दोन्हींची उघडी बाजू एकमेकांपासून दूर असते: वरच्याची वर, खालच्याची खाली. कारण साधं आहे. यू आकाराच्या सीलचे ओठ दाब ज्या बाजूने येतो तिकडे तोंड करून असले तरच दाबाने फाकतात आणि भिंतीला चिकटतात. वरून बॉयलरचा दाब येतो, खालून कॉफी दाबताना आपल्या हाताचा. खालचं उलटं बसलं तर लिव्हर ओढताना पाणी कॉफीतून न जाता पिस्टनच्या वर निसटतं आणि लिव्हर मऊ लागतो. वरचं उलटं बसलं तर लिव्हर खाली असतानाही जाळीतून थेंब पडत राहतात. वाचताना ‘हे कोण चुकेल’ वाटतं, पण सर्वांत जास्त इथेच चुकतं, कारण पिस्टन टेबलावर उलटा धरलेला असतो.

सील पाच मिनिटं गरम पाण्यात ठेवा म्हणजे मऊ पडतील. पिस्टनच्या खाचेत बोटांनी चढवा, पेचकसाने नाही. खाचेत आणि ओठांच्या आतून ग्रीसचा पातळ हात. सील बोटांना निसरडी लागली की पुरे; ग्रीसचे गोळे दिसले तर ते पुढचा आठवडाभर कॉफीत उतरणार.

आधी ग्रुपच्या माथ्यातलं रॉडचं सील बसवा. मग पिस्टन खालून वर. इथे दोन सापळे आहेत. रॉडच्या टोकाचे आटे वरच्या सीलमधून जाताना ते आतून कापतात, म्हणून आट्यांवर टेफलॉन टेपचे दोन वेढे गुंडाळा आणि रॉड वर आल्यावर काढा. दुसरा सापळा पिस्टनच्या वरच्या सीलचा. त्याचा उघडा ओठ वर, म्हणजे चढण्याच्या दिशेला असल्यामुळे नळीच्या तोंडाशी अडकतो आणि बाहेर दुमडतो. जुन्या फाइलच्या कव्हरची प्लास्टिकची पातळ पट्टी गोल करून नळीत घाला, तिच्यातून पिस्टन सरकवा आणि मग पट्टी खाली ओढून काढा. जोर लावावा लागत असेल तर काहीतरी दुमडलंय; बाहेर काढा आणि पाहा.

पिस्टन आत गेल्यावर रॉडचं लिहून ठेवलेलं माप परत धरा, लॉकनट आवळा. आता लिव्हर तात्पुरता लावून वर करा आणि खालून बॅटरी मारा. पिस्टन पाण्याच्या छिद्रांच्या पूर्ण वर जायला हवा. छिद्रं अर्धवट झाकलेली राहिली तर कप अर्धाच भरतो. लिव्हर खाली नेल्यावर पिस्टन जाळीला टेकता कामा नये.

बाकी जोडणी चटकन होते. ग्रुपच्या फ्लँजचं गास्केट नवं, दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे-थोडे आवळलेले. पातळीच्या काचेची रबरं नवी, नट हाताने घट्ट आणि वर फक्त पाव वळसा. काच धातूला कुठेच टेकू नये, रबरातच तरंगायला हवी. सर्क्लिप नव्या, कारण ताणलेली जुनी सर्क्लिप भर दाबात पिन सोडते. पिना आणि लिव्हरच्या काट्यातल्या भोकांना ग्रीस. भोकं लंबगोल झाली असतील तर लेथवाल्याकडून पितळी बुश करून घ्या, हे काम तो चांगलं करतो.

७ : थंड पाण्याची दाबचाचणी

वाफेने चाचणी करू नका. पाणी जवळजवळ दाबलं जात नाही, त्यामुळे थंड पाण्याखाली एखादा सांधा सुटला तर फक्त ओलं होतं. वाफेखाली तोच सांधा भाजतो.

बॉयलर तोंडापर्यंत भरा, हवा राहू देऊ नका. प्लंबर नळांची चाचणी करतात तो हातपंप पातळीच्या काचेच्या वरच्या तोंडावर ॲडॉप्टरने जोडा. लिव्हर खाली. डोळ्यांवर चष्मा. सुरक्षा व्हॉल्व्ह जागेवर ठेवून सावकाश दाब वाढवा. व्हॉल्व्हवर आकडा कोरलेला असेल तर तिथे, नसेल तर १.५ बारच्या आसपास त्याने पाणी सोडायला हवं. २ बारपर्यंत गप्प राहिला तर थांबा, तो पुन्हा उघडा. व्हॉल्व्ह समाधानकारक असेल तर त्याच्या जागी बूच लावून २.५ बारवर दहा मिनिटं ठेवा. दाबाचा काटा उतरू नये. उतरला तर कुठे ओल आहे ते कोरड्या टिश्यूने शोधा. बूच काढून व्हॉल्व्ह परत लावल्याशिवाय पुढचा टप्पा सुरू करायचा नाही. बूच लाल धाग्याने बांधून ठेवा म्हणजे विसरणार नाही.

८ : पहिली वाफ

पाणी पातळीच्या काचेच्या वरच्या भागापर्यंत. काचेच्या तळाखाली पाणी गेलेलं असताना स्विच कधीही चालू राहू नये. उघडं पडलेलं एलिमेंट जळतं. पाणी कसलं? बोअरवेलचं नको. आरओचं पाणी ५० ते १०० टीडीएसवर लावलेलं असेल तर उत्तम. शून्याच्या जवळचं पाणी पितळ खातं.

तापताना वाफेची तोटी एकदा उघडून ‘हिस्स’ आवाज संपून सलग वाफ येईपर्यंत सोडा, मग बंद करा. हे न केल्यास आत अडकलेली हवा वाफेच्या दाबात भर घालते आणि पाणी पुरेसं तापण्याआधीच दाब पूर्ण झाल्यासारखा वाटतो. ०.८ बारला पाणी सुमारे ११७ अंशांवर असायला हवं. हवा अडकली असेल तर ते बरंच खाली असतं आणि कॉफी आंबट येते.

दोन टप्प्यांचा स्विच असेल तर वरच्यावर तापवा आणि सुरक्षा व्हॉल्व्ह फुसफुसू लागला की खालच्यावर आणा. पहिले तीन बॉयलर पाणी पूर्ण फेकून द्या. क्षार निघाल्यावर उघडी पडलेली जुनी पितळ, ॲसिडचे अंश, ग्रीस, सगळं त्यात जातं.

सावधान: झाकण दाबाखाली उघडू नका. स्विच बंद, वाफेच्या तोटीतून दाब शून्य, मग झाकण. लिव्हर वर असताना किंवा नुकताच खाली आल्यावर पोर्टाफिल्टर फिरवू नका. आतला उरलेला दाब उकळती कॉफीपूड तोंडावर उडवतो.

९ : बाहेरची चकाकी

साबणाचं पाणी आणि मऊ फडकं. क्रोम शाबूत असेल तर इतकंच. बेकेलाइटला डिटर्जंटमध्ये भिजवलं तर ते पांढुरकं पडतं. गाडीचं पॉलिश हलक्या हाताने लावा.

पुन्हा प्लेटिंग करायचंच असेल तर दाबचाचणीच्या आधी, सगळं सुटं असताना द्या आणि दुकानदाराला लेखी सांगा: फ्लँजचे सांधे, आटे आणि ग्रुपचं आतलं भोक झाकायचं. बफिंगचं चाक धारदार कडा गोल करतं आणि सपाट फ्लँज मधोमध खोलगट करतं. मग तो सांधा कितीही आवळला तरी गळतो. क्रोम निघतंय पण खाली निकल शाबूत आहे, अशा यंत्राला हात न लावणं शहाणपणाचं.

१० : बदल, आणि त्यांचा क्रम

मूळ यंत्र दोन-तीन आठवडे न गळता चाललं की मगच.

पहिला बदल दाबाच्या काट्याचा. पातळीच्या काचेच्या वरच्या नटाऐवजी बसणारा ॲडॉप्टर आणि ० ते २.५ किंवा ३ बारचा छोटा गेज. भोक न पाडता होतो आणि काढता येतो. बॉयलरला नवं भोक पाडायचा मोह आवरा.

दुसरा प्रेशरस्टॅट. त्याच ॲडॉप्टरवर टी (तीन तोंडांचा जोड) लावून, तांब्याच्या बारीक नळीचा एक वेढा मध्ये ठेवून जोडा म्हणजे प्रेशरस्टॅटच्या आतल्या पडद्याला थेट वाफ लागत नाही. त्याच्या संपर्कातून फेजची तार जाऊ द्या, न्यूट्रलची नाही, नाहीतर बंद असतानाही एलिमेंटवर वीज राहते. ०.८ बारला बंद आणि सुमारे ०.६५ ला चालू, असा फरक ठेवा. यासोबत बॉयलरच्या भिंतीवर, एलिमेंटच्या जवळ, १३५ ते १४५ अंशांचा हाताने रिसेट होणारा थर्मोस्टॅट बसवा. पाणी संपल्यावर तोच एलिमेंट वाचवतो. पीआयडी बसवणाऱ्यांनाही तो लागतोच. पीआयडी ज्यातून एलिमेंट चालू-बंद करतो तो सॉलिड स्टेट रिले खराब होतो तेव्हा बहुधा चालू स्थितीतच अडकतो.

तिसरा बदल सगळ्यांत स्वस्त आणि कॉफीत सगळ्यांत जास्त कळणारा: ग्रुपच्या बाहेर तापमानाची पट्टी किंवा के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार). या ग्रुपला बॉयलरची उष्णता थेट मिळते, म्हणून पहिला कप गार ग्रुपवर आंबट आणि चौथा करपलेला येतो. पट्टी ८० ते ८८ अंशांच्या दरम्यान असताना लिव्हर ओढा. त्याखाली असेल तर रिकाम्या पोर्टाफिल्टरमध्ये अर्धा लिव्हर करून पाणी सोडा. वर गेलं असेल तर पोर्टाफिल्टर नळाखाली थंड करून, पुसून ग्रुपला लावा आणि अर्धा मिनिट थांबा. ग्रुप आणि बॉयलरच्या मधलं गास्केट जाड टेफलॉनचं केलं तर तापण्याचा वेग कमी होतो, पण बोल्ट तेवढे लांब आहेत का ते आधी मोजा. आट्यात पुरेशी पकड राहिली नाही तर पितळेचे आटे निघून येतात.

बिनतळाचा पोर्टाफिल्टर घ्यायचा तर ४९ मिमी बास्केटच्या जुन्या मापाचा. दुहेरी बास्केटमध्ये १४ ग्रॅमच्या आसपास पूड धरा. लिव्हर वर करून सहा-सात सेकंद थांबा, मग ओढा. धार एका बाजूनेच येत असेल तर दोष दाबण्याच्या पद्धतीत किंवा दळण्यात आहे, यंत्रात नाही. धार मधूनच थांबून लिव्हर सैल पडत असेल तर टप्पा ६ कडे परत जा आणि खालचं सील कुठल्या बाजूने बसलंय ते पाहा.